सुकाणू जावयाच्या हाती

कोकणात जावई म्हणून जाण्यात एक धोका असतो. तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. पुण्यात मी काहीही करायचं म्हटलं, की घरातून, ऑफिसातून, सोसायटीच्या कमिटीतून ताबडतोब नकार येतो आणि या नकारांच्या भरवशावरच माझं आयुष्य आजवर धडधाकट चाललं आहे. दाभोळला हा बंदोबस्त नव्हता. हिच्या मावशीच्या पडवीत झोपाळ्यावर बसून, सोलकढीची वाटी तोंडाला लावत मी सहज बोलून गेलो, "एकदा शिडाच्या होडीतून या खाडीत जायला पाहिजे." मावशींचे यजमान अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जाऊ या की. बघतो." पुण्यात 'बघतो' म्हटलं की विषय संपतो. अण्णांनी पेपराची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि ते खरोखरच धक्क्यावर बघायला गेले.

आता माझी पात्रता. खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खात उभं राहिलं, की धरणाच्या पाण्यात लांबवर कधीकधी एनडीएच्या कॅडेटांच्या शिडाच्या होड्या दिसतात. भजी संपेपर्यंत मी त्या बघतो. कुणाचं शीड उगाच फडफडतंय, कोण वळताना घाई करतोय, हे मला काठावरून अचूक कळतं आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला मी ते सांगतोही. शिवाय वाचन. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट ५६ फुटी, बांधलेली गोव्यात, वाटेत थांबे फक्त ४, आणि भल्याभल्या दर्यावर्दींना घाम फोडणारं केप हॉर्नही त्यांनी वळसा घालून मागे टाकलं. त्यांची नौदलातली वर्षं आणि तयारीचे महिने मी पानं भराभर उलटून संपवले होते. केप हॉर्न मात्र सावकाश वाचलं होतं. त्यामुळे माझ्या मते होडीत चढणं आणि केप हॉर्न यांच्या मध्ये विशेष काही उरलं नव्हतं.

दाभोळही माणसाच्या डोक्यात हवा भरणारी जागा आहे. सह्याद्रीतून निघालेली वाशिष्ठी चिपळूणवरून रुंद होत होत येते आणि इथे समुद्राला मिळते. उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ, समोर गुहागर तालुक्यातली धोपावे, वेलदूर, अंजनवेल ही गावं. बहमनी आणि पुढे आदिलशाही अमलात हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक. अरबस्तानातून घोडे इथे उतरायचे. आज जेट्टीवर बर्फाचे क्रेट आणि जाळ्यांचे ढीग उतरतात, पण मी तिथे उभा राहिलो की मला घोडेच दिसतात.

रात्री जेवताना मी सगळ्यांना दाभोळचा इतिहास ऐकवला. त्यातली एक गोष्ट इतिहासकारांच्या नजरेतून निसटली असावी, असं माझं मत मी मांडलं. दाभोळचं नाव घेऊन निघालेला माणूस ठरल्या जागी नीट पोचत नाही. अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचंच घ्या. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला, तिथल्या खानाने घोडा काढून घेतला तो मिनतवारीने परत मिळवला, बिदर बघितलं, आणि अखेर घरी परतण्यासाठी दाभोळला आला. होर्मुझपर्यंत जायचे दोन सोन्याची नाणी देऊन तो जहाजात बसला. महिनाभर पाण्याशिवाय काही दिसेना. मग डोंगर दिसले ते इथिओपियाचे! तिथल्या लोकांनी जहाज लुटू नये म्हणून तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटाव्या लागल्या. तिथून मस्कत, मग होर्मुझ. पुढे घराच्या वाटेला लागला खरा, पण आपल्या त्वेर गावी पोचण्याआधीच स्मोलेन्स्कच्या जवळपास वारला.

दुसरी विजापूरची शहजादी. मक्केला जायचं म्हणून ती लवाजमा घेऊन दाभोळला आली, समुद्रावर धोका होता, जहाज काही निघेना, आणि शेवटी यात्रेसाठी आणलेल्या पैशातून तिने इथे मशीद बांधली, असं सांगतात. ती शाही मशीद खाडीकाठी अजून उभी आहे, घुमट-मिनारांसकट.

तिसरी एन्रॉन. १९९० च्या दशकात अख्ख्या देशात गाजला तो 'दाभोळ'चा वीजप्रकल्प दाभोळात कधी नव्हताच. तो समोरच्या काठावर, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला उभा राहिला. २००१ मध्ये तो बंद पडला तेव्हा 'दाभोळ बंद' अशा बातम्या आल्या आणि दाभोळची माणसं इकडच्या धक्क्यावर उभं राहून तिकडच्या चिमण्या बघत राहिली.

"अचूक पोचला असा एकच," मी समारोप केला, "फ्रान्सिस्को द अल्मेडा. चौलच्या लढाईत मुलगा मारला गेला त्याचा सूड घ्यायला हा पोर्तुगीज व्हाइसरॉय निघाला होता. डिसेंबर १५०८ मध्ये नेमका दाभोळला पोचला आणि त्याने गाव जाळलं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "उद्या नाश्त्याला घावन करू की आंबोळ्या?"

तेवढ्यात अण्णांनी ओळख काढलेले चाचा स्वतःच अंगणात आले. वयाने सत्तरीचे, पण त्या वयाचं ओझं त्यांनी कुठे ठेवलं होतं ते दिसत नव्हतं. जन्म मासेमारीत गेलेला. आता मोठी बोट मुलगा बघतो, तिला इंजिन, जीपीएस, सगळं. चाचांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"शीडच पाहिजे? इंजिनाची होडी आहे की. अर्ध्या तासात अंजनवेल दाखवून आणतो."

"शीडच," मी म्हणालो.

"शिडाने आता कोण जातं, जावय? माझी जुनी उलांडीची होडी आहे. शीड उंदरांनी खाल्लं." त्यांनी डोकं खाजवलं. "करतो कायतरी. कालनिर्णय आहे काय घरात?"

मावशींनी भिंतीवरून कालनिर्णय काढून दिलं. चाचांनी तारखेवर बोट ठेवलं. "उद्या दशमी. धाच्या पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी होणार, मग पाणी फिरणार. सकाळी डोंगराकडून वारा असतो, सुकतीबरोबर बाहेर पडायचं. दुपारी दोनच्या पुढं पाणी परत आत वळणार आणि वारापण समुद्राकडून येणार, त्याच्याबरोबर घरी. भांगाचं पाणी आहे, ओढ कमी, म्हणून नेतो. साडेसातच्या अगोदर या."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर पोराटोरांना पाठ असतो. मी माझ्या फोनवरचं ॲप उघडून चाचांना दाखवलं. त्यात दुसऱ्या दिवशी दहा वाजता 'हलका वारा' होता आणि शेजारी हसऱ्या सूर्याचं चित्र होतं. चाचांनी ते कौतुकाने पाहिलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पण साडेसातला या."

मी सकाळी वेळेवर उठलो होतो, हे इथे नमूद करतो. पण मावशींनी घावन केले होते, आणि ते नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडवून खायचे होते, आणि जावई ताटावर बसला की कोकणात त्याला उठू देत नाहीत. शिवाय तयारी. मी तोंडाला, मानेला, कानाच्या पाळ्यांना सनस्क्रीन चोपडलं, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी घातली, आणि पुण्याहून खास आणलेले पाण्यात चालणारे बूट चढवले. मावशींनी खिशात लिंबू घातलं. त्यांच्या लहानपणी मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी आगबोट दाभोळच्या बाहेर थांबायची, उतारू पडावातून धक्क्यावर यायचे आणि चिपळूणची माणसं इथून लाँचने वर गोवळकोटला जायची. त्या काळापासून त्यांच्या घरात बोट लागण्यावर एकच औषध. "मळमळलं की हुंगा," त्या म्हणाल्या. मी हसलो.

धक्क्यावर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. चाचा एका उलट्या टोपलीवर बसून बिडी ओढत होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं.

"वारा गेला," ते म्हणाले.

"येईल की."

"येईल. बाराच्या पुढं. तोपर्यंत बसू. चहा सांगतो."

इथे सहावीच्या भूगोलाने मला दगा दिला. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं आहे. सकाळी डोंगराकडचा वारा मरतो आणि समुद्राकडचा अजून जन्माला आलेला नसतो, मधले काही तास कुणीच कामावर नसतं, असं त्या पुस्तकात कुठे नव्हतं. "चाचा, आपण निघू," मी म्हणालो. "वाटेत भेटेल वारा."

चाचांनी मशिदीच्या दिशेने मान केली. "ती शहजादी इतकी थांबली. तुम्ही दोन तास थांबा."

मी थांबलो नाही. जावयाला दोनदा सांगत नाहीत, हे चाचांनाही ठाऊक होतं.

होडी बघून मी खूश झालो. लाकडाची, अरुंद, आतून काळीकुळकुळीत, एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे कलंडू नये म्हणून धरलेला लाकडी ओंडका. मध्ये डोलकाठी. तिच्यावर परबाण, म्हणजे शिडाचा वासा, चढवून चाचांनी शीड सोडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एक मोठा चेहरा उलगडत खाली आला. शीड फ्लेक्सचं होतं. कुठल्याशा वाढदिवसाचा जुना बॅनर त्रिकोणात कापून, कडेने नायलॉनची दोरी घालून शिवलेला. भावी आमदारांचा एक डोळा, पूर्ण मिशी आणि हार घातलेली मान शाबूत होती. वरच्या टोकाला 'हार्दि' एवढं उरलं होतं.

"उंदीर याला तोंड लावत नाहीत," चाचा म्हणाले.

बरोबर एक पोरगा होता, चाचांचा नातू, कॉलेजातला. त्याने बांबूने धक्का ढकलला आणि आम्ही निघालो. शीड डोलकाठीला दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं, पण होडी चालली होती, आणि चांगल्या वेगाने चालली होती. घरं, माड, मशिदीचा घुमट मागे सरकत होते. "बघितलंत?" मी चाचांना म्हणालो. "हलका वारा आहे."

"ही सुकती आहे," चाचा म्हणाले. "पाणी बाहेर चाललंय, आपण त्याच्याबरोबर चाललोय. कोयनेत वीज करून सोडलेलं पाणीपण ह्याच नदीत येतं. वाऱ्याचा ह्यात काय हात नाय."

म्हणजे ज्या प्रवासाचं मी मनात वर्णन लिहायला घेतलं होतं, त्या प्रवासात एखादा ओंडकाही माझ्या इतक्याच कौशल्याने पुढे गेला असता. पण दृश्य सुरेख होतं. डाव्या हाताला वेलदूर, मग अंजनवेलचा गोपाळगड, त्याच्या पुढे टाळकेश्वरचं दीपगृह. मासेमारीच्या बोटी इंजिनं धडधडवत आमच्या बाजूने जात होत्या आणि प्रत्येक बोटीवरून कुणीतरी चाचांना हाक मारून शिडाकडे बोट दाखवत होतं. मी टोपीला हात लावून नमस्कार स्वीकारत होतो.

खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि सुकतीने आम्हाला तिथे सोडलं. आतलं पाणी सपाट होतं. बाहेरचं पाणी खालून श्वास घेत होतं. लाटा म्हणाव्यात अशा नव्हत्याच, नुसते लांबरुंद फुगवटे. होडी वर जायची, क्षणभर विचार करायची, आणि खाली यायची. वर जाताना अंजनवेल दिसायचं, खाली येताना फक्त भावी आमदार. शीड एकदा उजवीकडे झुलायचं, एकदा डावीकडे, आणि प्रत्येक फेरीला तो एक डोळा माझ्याकडे बघत जायचा. वारा नव्हता. ऊन होतं. पोरगा बर्फाच्या पेटीतून जाळ्याचा जुना गोळा काढत होता आणि त्याला एक वास होता.

घावनांनी हालचाल सुरू केली.

क्षितिजाकडे बघत राहावं म्हणजे बोट लागत नाही, असं मी वाचलेलं आहे. क्षितिज जागेवर असतं तर मीही बघितलं असतं. 'बीगल' जहाजावरच्या पाच वर्षांत डार्विनला सतत बोट लागायची, आणि ट्रॅफल्गारचा विजेता नेल्सन जन्मभर याच आजाराने बेजार होता. ही माहिती मी चाचांना दिली. चाचांनी मला हाताला धरून उलांडीच्या विरुद्ध बाजूला वळवलं. "तिकडे नको, दांड्याला लागेल. हिकडे." त्यानंतर काही काळ माझा आणि अरबी समुद्राचा थेट संवाद झाला. मध्येच मी खिशातलं लिंबू काढून हुंगलं. ते अतिशय सुंदर लिंबू होतं. मग तेही पाण्यात पडलं.

"मोठे लोक पण वाकतात हितं," चाचा माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले. "रिकामं झालात, आता बरं वाटेल."

आणि खरंच बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की बाराच्या सुमारास वायव्येकडून पाण्यावर एक गडद पट्टा सरकत आला, चाचा "आला" म्हणाले, शीड एकदम भरून टच्च झालं आणि होडीने मान फिरवली, तेव्हा मी उठून बसलो. डोलकाठी करकरली. नाळेखाली, म्हणजे होडीच्या नाकाशी, पाणी कुजबुजायला लागलं. हा खरा वारा होता, आणि ही खरी शिडाची होडी. मागच्या अर्ध्या तासात मी समुद्राला जे काही देऊन बसलो होतो ते विसरून मी चाचांकडे हात पुढे केला.

"चाचा, जरा सुकाणू द्या."

दाभोळात कुणी जावयाला नाही म्हणत नाही, हे वर लिहिलंच आहे. चाचा क्षणभर अंजनवेलच्या किल्ल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धरा. पण मी सांगतो तसंच. सुकती अजून बाहेर ओढतेय, मधून गेलो तर जागेवरच राहू. कडेकडेने जायचं, कडेला ओढ कमी. पण फार कडेला नको. थय वाळू आहे."

सुकाणूच्या दांड्याचं एक वैशिष्ट्य आहे. दांडा उजवीकडे दाबला की होडी डावीकडे जाते. मला हे माहीत होतं. खडकवासल्यावर मी हे एका अनोळखी गृहस्थांना समजावूनही दिलेलं आहे. पण डोक्याला माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यांत वाशिष्ठीच्या मुखाइतकं अंतर असतं. चाचा म्हणाले, "वाईच बाहेर काढा." मी बाहेर काढण्यासाठी दांडा बाहेर ढकलला. होडी आत वळली. मी चूक सुधारायला आणखी जोरात ढकललं. होडी आणखी आत वळली. शीड वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला गेलं, परबाण सपकन फिरलं, भावी आमदारांचा गाल माझ्या तोंडावर सपाटून आपटला आणि टोपी, हनुवटीखालच्या दोरीसकट, गुहागर तालुक्याच्या दिशेने उडाली. मग खालून एक मऊ, लांबलचक, जवळजवळ मायाळू आवाज आला. होडी थांबली.

"पोचलो," चाचा म्हणाले.

वाळूवर रुतलो होतो, आणि उतरत्या पाण्यात रुतलो होतो. भरतीत रुतलेली होडी पाणीच उचलतं. सुकतीत रुतलेल्या होडीखालून पाणी निघून जातं आणि ते परत येईपर्यंत तुम्ही तिथले रहिवासी असता. साडेबारा वाजले होते. चाचांच्या पाऊणपटीनुसार दोनच्या आत पाणी फिरणार नव्हतं आणि आम्हाला उचलण्याइतकं चढायला तीन तरी वाजणार होते. "उतरून ढकलू," मी म्हणालो, आणि कुणी अडवायच्या आत उडी मारली. होडीच्या त्या बाजूला वाळू नव्हती, चिखल होता. मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. चाचा आणि पोरगा यांनी दोन्ही काखांत हात घालून मला वर ओढलं. उजवा बूट आला नाही. पाण्यात चालणारे बूट होते ते, चिखलाबद्दल पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी होडीत एका बुटावर बसलो. डोक्यात भलतेसलते विचार यायला लागले. "चाचा, या नदीत मगरी आहेत ना?"

"आहेत की. वर चिपळूणकडे. मालदोलीला तर बघायला माणसं येतात." त्यांनी डबा उघडला. भाकरी, सुकट, कांदा. "हय कशाला येतील? हय काय आहे खायला?" त्यांनी माझ्याकडे नजर टाकली आणि बहुधा उगाच धीर द्यायला म्हणाले, "तुम्ही पण आता रिकामे."

सुकटीचा वास आल्यावर मी तोंड वळवलं. चाचांनी जेवून पाणी प्यालं, शिडाची सावली अंगावर ओढून घेतली आणि ते झोपले. मिशी नेमकी त्यांच्या पोटावर आली. पोरगा फोनमध्ये बुडाला. पाणी हळूहळू सरकत होतं, वाळूचा पिवळा पाठीचा कणा वर येत होता, आणि मी तिथे बसून दूरवरच्या किनाऱ्याकडे बघत निकितीनचा विचार करत होतो. जहाज फुटलेला माणूस, चहूकडे पाणी, मदतीचा पत्ता नाही. मी मनातल्या मनात एक चांगला, गंभीर परिच्छेद रचला होता. तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी खाकरलं.

वळून बघितलं तर एक बाई उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, कमरेला टोपली, टोपलीत मुळे. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी वाकून वाळूतून शिंपल्या वेचत होत्या. ओहोटीला या बायका रोज इथे येतात. जिथे मी जहाज फुटून पडलो होतो, ती त्यांची कामाची जागा होती.

"कुणाचं पावणं?" बाईंनी विचारलं.

मी मावशींचं नाव सांगितलं.

"अगो, हे जावय ते!" बाई मागे वळून बाकीच्यांना म्हणाल्या. "सकाळी दहाला निघाले ते!"

दहाची बातमी वाळूवर माझ्या आधी पोचली होती. त्यांनी मला हिकडून वेलदूरला चालत जाता येईल, गुडघाभरच पाणी लागेल, असं समजावलं. मी नको म्हणालो. कप्तान बुडतं जहाज सोडत नाही अशी परंपरा आहे, आणि आमचं तर बुडायलाही तयार नव्हतं. शिवाय एकच बूट.

त्याच वेळी दाभोळहून फेरीबोट सुटली. २००३ पासून ही फेरी दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये येजा करते. त्याआधी गाडी घेऊन दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून भलामोठा वळसा पडायचा. आता गाडी आणि माणसं एकाच बोटीत चढतात, गप्पा रंगायच्या आत पलीकडे उतरतात. खाली गाड्या, मोटरसायकली, एक टेम्पो, वर कठड्याला टेकलेली माणसं. त्यात एक ओळखीचा पोपटी रंग दिसला. ही, मावशी आणि अण्णा गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला निघाले होते. माझा फोन वाजला.

"अहो, ते वाळूवर तुम्हीच का?"

"हो. जरा थांबलोय."

"का?"

"भरतीची वाट बघतोय. शिडाच्या होडीत हे नेहमीचं असतं."

"आणि ती बाई कुठे उभी आहे?"

"पाण्यात."

"पाणी घोट्याएवढं आहे," ही म्हणाली. मग फोन मावशींकडे गेला. "जावईबापू, काही खाल्लंत का?" मी उत्तर देईपर्यंत पलीकडून बऱ्याच माणसांच्या हसण्याचा आवाज आला. कठड्यावर आता हिच्याशेजारी कितीतरी अनोळखी माणसं जमली होती आणि सगळे फोन वर धरून उभे होते. फेरीबोट चालवणाऱ्याने एकदा भोंगा वाजवला. तो नियमाचा असेल. मी हात हलवला. दुसरं काय करणार?

तीनच्या सुमारास होडीच्या तळाशी पाणी चुळबुळायला लागलं. चाचा कुणी न उठवता उठले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, बांबू रोवला, एकदा जोर लावला आणि होडी सुटली. त्यानंतरचा तुकडा मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण तो या सगळ्या उद्योगातला एकच निर्मळ होता. मागून वारा, खालून भरती, दोन्ही घराकडे. चाचांनी सुकाणूचा दांडा पायाच्या अंगठ्याने धरला होता आणि हाताने ते बिडी पेटवत होते. शीड फुगून एका बाजूला झेपावलं होतं. उलांडी पाण्यावरून सळसळत येत होती, मध्येच वर उचलली जायची आणि तिच्यावरून पाण्याची एक पातळ चादर घरंगळायची. इंजिनाचा आवाज नाही, म्हणून सगळं ऐकू येत होतं. दोरीचं कुरकुरणं, नाळेखालचं पाणी, वेलदूरच्या काठावर भुंकणारं कुत्रं. पोरग्याने कानातले प्लग काढून ठेवले होते. मी बोललो नाही. चाचांना ते फार आवडलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "ह्यासाठी लोक शीड लावायचे." आणि थोड्या वेळाने, "आणि मग इंजिन आलं ते बरं झालं. रोज कोण वाळूत बसणार?"

धक्क्यावर माझी वाट बघणारी माणसं होती. मुळेवाल्या बाई आमच्या आधी पोचल्या होत्या, फेरीवरचे व्हिडिओ त्यांच्याही आधी. चहाच्या टपरीवाल्याने एका बुटाकडे बघत विचारलं, "अंजनवेल बघितलंत?" मी बघितलं म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. चाचांनी पैसे घ्यायला चक्क नकार दिला. दिवसभरात मला मिळालेला तो पहिला नकार, आणि तोही चुकीच्या जागी. शेवटी पोराच्या हातात ठेवले.

पुण्यात परतल्यावर खडकवासल्याला गेलो होतो. होड्या होत्या, भजी होती. एका कॅडेटचं शीड वळताना चांगलंच फडफडलं. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "त्याचं चुकलं का हो काहीतरी?" मी म्हणालो, "भजी गार होतील तुमची."

तुम्हाला दाभोळची खाडी शिडातूनच बघायची असेल, तर जरूर बघा. पावसाळा सोडून जा. आदल्या रात्री कालनिर्णयात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, आणि निघणाऱ्या वेळेच्या आधी धक्क्यावर हजर राहा. होडीवाला थांबा म्हणाला तर थांबा, मशीद बघा, चंडिकादेवीच्या गुहेत समईच्या उजेडात दर्शन घेऊन या. सनस्क्रीन थोडं चालेल, लिंबू दोन ठेवा. घावन परत आल्यावर खा.